टिपणीसकाकूंची काच

बडोद्याच्या मांडवीला खरेदीला गेलं की टिपणीसकाकू दुकानं बघत नसत, रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांच्या काचा वाचत. कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा, पदर सावरायचा, कमरेत वाकायचं आणि गाडीच्या पुढच्या काचेवर काय काय चिकटवलंय ते शांतपणे वाचून काढायचं. मी मागे भाजीच्या पिशव्या धरून उभी. एकदा एका चकचकीत गाडीचा मालक दुकानातून धावतच बाहेर आला. "शुं जुओ छो, बेन?" काय बघताय, हे विचारताना त्याच्या आवाजात चांगलाच संशय होता. काकू सावकाश सरळ झाल्या. "कंई नहीं भाई, वांचुं छुं," असं म्हणाल्या आणि लगेच त्यालाच विचारलं, मुलगी हॉस्टेलवर राहते की रोज घरून जाते? तो माणूस बघतच राहिला. त्याच्या काचेवर मेडिकल कॉलेजच्या पार्किंगचा स्टिकर होता आणि त्याच्या शेजारी एका मुलींच्या शाळेचा, उन्हाने फिकट झालेला. काकूंनी आपली बेरीज केली होती. थोड्या वेळाने तो लेकीच्या अभ्यासाचं कौतुक सांगत होता, काकू माना डोलवत होत्या आणि मी पिशव्या या हातातून त्या हातात घेत होते.

"काच वाचावी, वृंदा," गाडीत बसल्यावर त्या मला म्हणाल्या. "नाव-गाव काय, माणूस काहीही सांगतो. त्याला कुठे कुठे आत घेतात, ते काचेवर असतं."

हे त्यांचं आवडतं वाक्य. आत घेणं. सोसायटीचा स्टिकर म्हणजे याला घरी घेतात. क्लबचा म्हणजे पोहायला येवो न येवो, याला क्लबात घेतात. हॉस्पिटलचा असेल तर काकू जरा थांबत आणि तारीख बघत. जुना असला तर "बरं झालेलं दिसतंय" म्हणून पुढे सरकत. देवादिकांच्या स्टिकरांना त्या मनोभावे हात जोडत, पण हिशेबात धरत नसत. "देव कोणालाही आत घेतो ने. त्यावरून माणसाचं काय कळणार?"

मी लग्न होऊन मिरजेहून बडोद्याला आले तेव्हा मला गुजरातीचा गंध नव्हता. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर काकू एकट्या राहत. नवरा सकाळी कामावर गेला की मी दाराला आतून कडी लावून बसायची, कारण कोणी आलं तर काय बोलायचं हा प्रश्न. दूधवाल्याला मी "उद्या जास्त" हे सांगण्यासाठी हातवारे करत होते ते काकूंनी जिन्यातून पाहिलं. दुपारी बेल वाजली. दारात काकू. हातात किल्ली, पायात कापडी बूट आणि अंगावर सुती साडी. "चल, तुला बडोदं दाखवते. साडी बदलू नको, आपल्याला उतरायचं नाहीये."

त्यांची गाडी म्हणजे पांढरी छोटी मारुती. पांढरी हे मी कागदोपत्री म्हणते आहे. मी डावीकडे बसले आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की मला रस्त्याची डावी बाजू दिसतच नव्हती. काचेच्या डाव्या कोपऱ्यात स्टिकरांचा एक थरच्या थर होता. एकावर एक, थोडे सरकवून लावलेले, जुन्या घराच्या भिंतीवरच्या रंगासारखे. आतून त्यांच्या पांढऱ्या, पिवळट पडलेल्या पाठी तेवढ्या दिसत. ऊन समोरून आलं की पाठीतून अक्षरं उमटत, तीही उलटी. मी मान वाकडी करून बाहेर बघायचा प्रयत्न करत होते. काकू हसल्या. "होईल सवय. मी आठ-दहा वर्षं याच सीटवर बसले. मला आता सुलटं वाचण्यापेक्षा उलटं बरं येतं."

ही थाप नव्हती. समोरच्या दुकानाच्या काचेत, आरशात दिसणाऱ्या मागच्या टेम्पोवर, कुठेही उलटी अक्षरं दिसली की त्या धडाधड वाचत. गुजराती मला त्यांनीच शिकवलं, आणि ते त्या स्टिकरांच्या पाठीवरून. त्यामुळे सुरुवातीला मला गुजराती अक्षरं आरशात धरल्यावर ओळखू येत. माझ्या नवऱ्याने यावर यथेच्छ हसून घेतलं. पण तीन महिन्यांत मी दूधवाल्याशी भांडायला लागले, तेव्हा हसायचा थांबला.

काकू गाडी चालवत ती सावकाश, पण कोणालाही न जुमानता. मागून कितीही हॉर्न वाजोत, त्यांची गती बदलत नसे. "वाजव बाबा, तुझाच हॉर्न आहे," असं आरशाकडे बघून म्हणत. चौकात वळताना हात बाहेर काढून असा काही दाखवत की ट्रकवालेसुद्धा थांबत. मी अजून गाडी शिकलेले नाही. इतकी वर्षं शेजारी काकू असल्यावर शिकायची गरजच पडली नाही, आणि आता शिकावंसं वाटत नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये कोणी गाडी सुरू केली की अजून माझा हात चपलेकडे जातो.

टिपणीसकाकांना मी पाहिलेलं नाही. मी बडोद्याला येण्याच्या आधीच ते गेले होते. भिंतीवरच्या फोटोत जाड फ्रेमचा चष्मा आणि खिशाला दोन पेनं लावलेले एक गंभीर गृहस्थ दिसत. शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात ते इंजिनियर होते आणि कारखान्याच्या कॉलनीतच त्यांचा सगळा संसार झाला. काकूंच्या बोलण्यात सदैव "हे" येत. "ह्यांना कारलं चालत नसे." "ह्यांचं म्हणणं, गाडीला पाणी सकाळीच मारावं." हे सगळं इतक्या सहजपणे, की नवा माणूस "काका आतल्या खोलीत आहेत का?" असं विचारी.

कॉलनीला मोठं फाटक होतं आणि आत जायला गाडीच्या काचेवर स्टिकर लागायचा. दर जानेवारीत नवा, नव्या रंगाचा. तो लावणं हा टिपणीसांच्या घरचा एक सणच होता म्हणा. रविवारची सकाळ. काका गाडीत आतल्या बाजूने, वाडग्यात साबणाचं पाणी, हातात फूटपट्टी आणि जुना रुमाल. जुना स्टिकर ते काढत नसत. खरवडायला गेलं की काचेला चरे पडतात, असं त्यांचं मत. त्यामुळे नवा जुन्यावरच, बाहेरून त्याचा रंग दिसेल इतका बाजूला सरकवून. काकू बाहेर, बॉनेटसमोर उभ्या राहून सरळ-वाकडं सांगायच्या.

"आणि दर वर्षी भांडण," काकू सांगत. "मी डावीकडे म्हटलं की हे उजवीकडे सरकवणार. माझं डावं ते ह्यांचं उजवं, हे इतक्या शिकलेल्या माणसाला कळू नये? काच मध्ये. ते आतून ओरडतायत, मी बाहेरून. शेजारचे पटेल म्हणायचे, टिपणीससाहेबांच्या घरी जानेवारी आला वाटतं."

शेवटच्या जानेवारीत काकूंची बहीण आली होती आणि काकू स्वयंपाकघरात अडकल्या होत्या. काकांनी दोनदा हाक मारली, मग एकट्यानेच लावला. हिरव्या रंगाचा तो स्टिकर एका बाजूला कललेला होता. काकूंनी बाहेर येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "राहू दे आता. पुढच्या वर्षी तू उभी राहा, सरळ लावू." त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ते गेले. कामावरच, टेबलाशी बसल्याबसल्या. निवृत्तीला दोन-एक वर्षं होती.

क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा प्रसाद तेव्हा नुकताच कॅनडाला गेला होता; त्याने येऊन सामान हलवलं, आईला मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये बसवलं आणि गाडी विकून टाकू म्हणाला. चालवणार कोण? काकूंनी काही वाद घातला नाही. तो परत गेल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. पन्नाशी केव्हाच उलटलेली बाई कॉलेजच्या पोरींबरोबर क्लच-ब्रेक शिकायला लागली. शिकवणारा मुलगा त्यांना "बा" म्हणायचा आणि स्वतः दाराची कडी घट्ट धरून बसायचा, असं त्या स्वतःच सांगून हसत. का शिकलात, असं मी विचारलं होतं. "उभी राहून गाडी खराब होते," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गेल्यावर, "आणि आत जायचं तर ह्याच गाडीतून जाता येतं ने."

ती त्यांची गुरुवारची चक्कर. दर गुरुवारी संध्याकाळी काकू कॉलनीत जात. बहुतेक वेळा मी बरोबर असे. फाटकाशी गाडी आली की तिथले परमारभाई आधी काचेच्या कोपऱ्याकडे बघत, मग काकूंकडे, आणि दांडा वर करत. "आवो बेन." काकूंचा हिरवा स्टिकर कधीच बाद झाला होता. त्यानंतर निळे, भगवे, जांभळे असे कितीतरी येऊन गेले होते. हे परमारभाईंना ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. परमारभाईंनी नव्या शिपायांनाही सांगून ठेवलं होतं की हिरवा वाकडा स्टिकर दिसला की दांडा उचलायचा.

आत गेल्यावर काकू काही करत नसत. मला पहिल्या वेळी वाटलं होतं, कोणाकडे जायचं असेल, देवळात उतरायचं असेल. तसलं काही नाही. क्लबापासून शाळेकडे, शाळेकडून पाण्याच्या टाकीकडे, तिथून सी टाइपच्या गल्लीत. तिथे एका क्वार्टरसमोर गाडी अगदी हळू व्हायची, थांबायची मात्र नाही. दुसऱ्या कोणाचे कपडे वाळत असायचे, दुसऱ्या कोणाची सायकल. काकू बघायच्या आणि म्हणायच्या, "कढीपत्ता छान वाढवलाय यांनी." किंवा, "जाळीला रंग द्यायला झालाय." मग गाडी वळवून बाहेर. परमारभाईंचा सलाम. सगळी मिळून चहा होईल एवढाही वेळ नाही. पण परतीच्या वाटेवर त्या गप्प असत आणि मीही काही बोलत नसे. बडबडी बाई गप्प बसली की शेजारच्यालाही शहाणपण सुचतं.

रीतसर पाहुणी म्हणून आत जायचं तर आत राहणारं कोणी ओळखीचं लागायचं. काकूंच्या वेळची मंडळी एकेक करत निवृत्त झाली. कोणी पुण्याला, कोणी नाशिकला, कोणी मुलांकडे परदेशी. शेजारचे पटेल आणंदला गेले. शेवटी काकूंना आत नेणारा तो काचेवरचा कोपराच काय तो उरला होता.

प्रसाद दर दोन-तीन वर्षांनी यायचा. मुलगा चांगला, आईवर जीव. पण त्याला तो कोपरा खुपायचा. "आई, समोरचं दिसत नाही. उद्या काही झालं म्हणजे?" एकदा आम्हाला सगळ्यांना करजणच्या पुढे एका लग्नाला जायचं होतं, म्हणून त्याने टोल नाक्यासाठी फास्टॅग आणला आणि काचेच्या मधोमध वरती लावला. जाताना नाक्यावर दांडा आपोआप वर गेला तसा तो खूश. "बघ, थांबायलाही नको." काकूंनी मान हलवली. जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "चांगला आहे. सगळीकडून पुढे जाऊ देतो. पण आत कुठे नेतो का रे हा?" प्रसादने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. सासू नाही, आई नाही, आणि तरी बाजू घ्यायची वेळ आली की मी काकूंचीच घेणार हे त्याला एव्हाना कळलं होतं.

मग गाडीचं पासिंग आलं. गाडी जुनी झाली की तिला रस्त्यावर ठेवायला सरकारकडून पुन्हा तपासून घ्यावं लागतं. एकदा झालं होतं, तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. या वेळी एजंट जिग्नेशभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरांना लाथ मारून पाहिली, दिवे लावून-बंद करून पाहिले आणि डाव्या कोपऱ्याशी येऊन थांबले. "काच चोख्खो जोईशे, बेन." काच स्वच्छ हवी म्हणे. काकू म्हणाल्या, बाकीचं सगळं करू, हे राहू दे. जिग्नेशभाई भला माणूस, त्याला वाईट वाटत होतं. पण हे असं चालणार नाही, नियम कडक झालेत, आणि नियम नसता तरी तुमच्या जागी माझी आई असती तर मी तिला असं चालवू दिलं नसतं, असं तो म्हणाला.

काकूंनी ते पंधरा दिवस कसे काढले ते मी पाहिलंय. गाडी पार्किंगमध्ये कापड घालून उभी. काकू सकाळी खाली उतरायच्या, कापडाचं एक टोक उचलून कोपरा बघायच्या आणि वर यायच्या. प्रसादचा फोन यायचा, भंगारात दे, मी नवी घेऊन देतो. त्या हूं हूं करायच्या. मला एकदा म्हणाल्या, "विनापासिंग नेली तर कोण अडवणार मला? म्हातारी बाई." मी म्हटलं, अडवतील आणि मीही अडवीन. त्या रागावल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली.

"तुझा तो केस वाळवायचा ड्रायर दे ने. आणि लांब वायर."

"काकू, ठरलं?"

"ठरवायचंय काय त्यात. गाडी भंगारात दिली तरी काच जाणार, आणि ठेवली तरी हे जाणार. मग गाडी तरी राहू दे. मांडवीला काय चालत जाऊ?"

माझ्या गॅलरीतून वायर खाली सोडली. खोबरेल तेल, ब्लेड, जुनं फडकं. काकू काकांच्या बाजूने आत बसल्या आणि मी बाहेर. ड्रायरच्या उष्णतेने गोंद सैल व्हायला लागला. असं काही काढायचं म्हणजे सगळ्यात शेवटी लावलेलं आधी निघतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. काकूंना सुचलं असावं. त्यांनी हिरव्या स्टिकरच्या कडेला तेलाचं बोट लावलं, नखाने कोपरा उचलला आणि ओढला. तो मधोमध फाटला. अर्धा हातात आला, अर्धा काचेवर. त्यांनी ड्रायर बंद केला. मी बाहेरून बघत होते, त्यांचे ओठ हलले, पण काच मध्ये असल्याने मला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी ड्रायर पुन्हा लावला.

त्यानंतर मात्र भराभर निघाले. हिरव्याखाली पिवळा, त्याखाली आकाशी, मग लाल, मग कसलाच रंग न उरलेला. एकेका रंगाबरोबर काकू मला बाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने काहीबाही सांगत होत्या. या वर्षी प्रसादची दहावी. या वर्षी आम्ही सावली गावाला ह्यांच्या मित्राकडे हुरड्याला गेलो होतो, परत येताना टायर फुटला. या वर्षी ह्यांना बढती. मी म्हटलं, काकू, एक तरी नीट काढून ठेवू या, वहीत चिकटवा. त्यांनी फडक्याने बोटं पुसली. "काचेवर असतो तोवर तो स्टिकर. हातात घेतला की कागद." सगळे तुकडे त्यांनी सुपलीत गोळा केले आणि सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या.

काच पुसून झाली. मग काकू वळसा घालून आल्या, डावीकडचं दार उघडलं आणि आपल्या जुन्या सीटवर बसल्या. गाडी बंदच होती. समोर आमच्या सोसायटीची कंपाउंडची भिंत, तिच्यापलीकडे कडुनिंब आणि त्याच्याखाली उभा असलेला इस्त्रीवाला. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं, इथून एवढं दिसतं होय?" त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगायला हवं होतं."

आणि मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मी उजवीकडे जाऊन बसले, स्टिअरिंगवर हात ठेवून. मला गाडी येत नाही, पण बसता तरी येतं.

पासिंग झालं. जिग्नेशभाईंनी पेढे आणले. काकू पुन्हा मांडवीला, पुन्हा भाजीला, पुन्हा बँकेत. गुरुवार मात्र तसेच जायला लागले. संध्याकाळी त्या टीव्ही लावून बसत. त्यांच्या बोलण्यातून कॉलनी हळूहळू कमी झाली. तशी माणसं कमी बोलायला लागली की मला भीती वाटते. मी उगाच त्यांच्याकडे काहीबाही घेऊन जायची, कधी थालीपीठ, कधी कसली तरी तक्रार. तक्रार दिली की त्या जरा ताज्यातवान्या होत.

एका गुरुवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "चल, बघू तर."

फाटकाशी पोहोचलो तेव्हा पाळी सुटायची वेळ होती. कारखान्याच्या बस, स्कूटरी, मोटारी, सगळं एकदमच. परमारभाई त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले होते. फाटकाशी एक तरुण शिपाई होता, नवा गणवेश, छातीला शिट्टी. त्याने सवयीने काचेच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. त्याने हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावली आणि वही घेऊन काकूंच्या खिडकीशी आला. वागायला अदबशीर होता, बोलायला घाई होती.

"बा, कोने मळवानुं छे?"

कोणाला भेटायचंय? साधा प्रश्न. रोज शंभर जणांना विचारत असेल. काकूंनी स्टिअरिंग धरलं होतं. त्या समोर बघत राहिल्या, दांड्यापलीकडच्या रस्त्याकडे, जिथून शाळा सुटल्यासारखी सायकलींची गर्दी चालली होती.

मी अलीकडून वाकून म्हटलं, "मंदिरे जवुं छे, भाई."

"मंदिर नहीं लखाय, बेन. माणसनुं नाम बोलो." वहीत मंदिर लिहिता येत नाही, माणूसच लागतो. मागून हॉर्न वाजला. त्याने मागे बघून हात केला आणि पुन्हा वहीवर पेन टेकवलं.

मला वाटलं, आता काकू गाडी मागे घेतील. मी मनात म्हणतही होते, काकू, चला, जाऊ या घरी. त्यांच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसत. कागदावर लिहीत असतील, सहीच्या मध्ये घालत असतील, पण इतक्या वर्षांत, इतक्या गप्पांत, इतक्या भांडणांच्या गोष्टी सांगताना मी काकूंच्या तोंडून "हे" याखेरीज दुसरं काही ऐकलं नव्हतं. घराच्या पाटीवरही आडनावच होतं.

"मनोहर," काकू म्हणाल्या.

शिपायाने लिहिलं. "अटक?" म्हणजे आडनाव.

"टिपणीस. मनोहर टिपणीस." दुसऱ्या वेळी आवाज जरा मोठा झाला, जसा आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारताना होतो.

"क्वार्टर?"

"सी टाइप, एकोणीस."

मागे हॉर्नवर हॉर्न वाजत होते. शिपायाने घाईघाईने नंबर लिहिला, वही काखेत मारली आणि दांडा वर केला. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली.